बांधावरची परवानगी आणि मीरा तारा

रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षणातले सर्वांत अवघड काम म्हणजे रात्री तलावाच्या बांधावर बसण्याची परवानगी मिळवणे, असे मी अनुभवाने सांगतो. 1911 साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’कडे नाव नोंदवून निरीक्षक-संकेत घेताना किंवा ताऱ्याचे नकाशे उतरवून घेताना आम्हांला कोणीही अडवले नाही. अडवले ते नागपुरातल्याच एका कार्यालयाने, आणि त्याचा सल अजून गेलेला नाही.

तिमिंगल तारकासमूहातला मीरा तारा नवव्या-दहाव्या प्रतीपासून (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) नुसत्या डोळ्यांना सहज दिसण्याइतका उजळतो आणि पुन्हा मंदावतो. हे चक्र सुमारे 332 दिवसांचे असल्यामुळे त्याचे कमाल तेज दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकते. ते एप्रिल-मे महिन्यांत आले तर सूर्यतेजात हरवते, पावसाळ्यात आले तर ढगांत. ते हिवाळ्यात येण्याची वर्षे मोजकीच असतात आणि ते वर्ष तसे होते. शहरातल्या एलईडी दिव्यांत तेज ताडून पाहण्यासाठी लागणारे मंद तुलना-तारे दिसत नाहीत, म्हणून आमच्या मंडळाला शहराबाहेरचा बांध हवा होता.

छापील नमुन्यात उद्देशासाठी सहल, समारंभ, चित्रीकरण एवढेच पर्याय होते. आम्ही ‘इतर’वर खूण केली, आवक शिक्का मिळाला आणि त्यानंतर अर्ज टेबलावरून हलेना. लिपिकांचे म्हणणे होते की एकच तारीख लिहा. रूपविकारी ताऱ्याची एका रात्रीची नोंद म्हणजे आलेखावरचा एकटा बिंदू. आठ-दहा दिवसांच्या अंतराने महिनोन्‌महिने नोंदी झाल्या तरच तेजाचा चढउतार कळतो. हे समजावल्यावर उत्तर आले, ‘‘मग प्रत्येक तारखेला वेगळा अर्ज करा.’’ पुढे दुर्बिणीवर हरकत निघाली आणि पोलीस ठाण्याचे ना-हरकत पत्र मागण्यात आले. ठाण्यात गेलो तर त्यांनी आधी मूळ परवानगी दाखवा म्हटले. तोवर डिसेंबर उजाडला, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले आणि प्रत्येक खेपेला एकच वाक्य ऐकू येऊ लागले, ‘‘साहेब अधिवेशनाच्या ड्युटीवर आहेत, ते आटोपल्यावर या.’’ बाहेर विदर्भातल्या थंडीचे निरभ्र आकाश रोज रात्री वाया जात होते, याचा संताप मला आजही आवरत नाही.

सुटका केली ती तिथल्याच एका बडे बाबूंनी. तारखेऐवजी ‘ऑक्टोबर ते मार्च, सोबतच्या परिशिष्टातील चंद्रप्रकाशविरहित रात्री’ असे लिहायला त्यांनी सांगितले. जबाबदार व्यक्तीचे हमीपत्र, उपस्थितांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि आग, स्वयंपाक व लेझर वापरणार नसल्याचे निवेदन जोडायला लावले. उद्देशाच्या टिपणात मी जेसोरच्या (आता बांगलादेशात) कोषागारात नोकरी करत हजारो नोंदी त्या अमेरिकन संस्थेला पाठवणाऱ्या राधागोविंद चंद्र यांचा उल्लेख केला. सही जानेवारीच्या अखेरीस झाली, तेव्हा मीरा उतरणीला लागला होता.

तरीही पहिल्याच रात्री नकाशावरच्या 35 आणि 41 (म्हणजे 3.5 आणि 4.1 प्रतीच्या) या दोन ताऱ्यांच्या मधोमध तो बसला आणि मी 3.8 प्रत नोंदवली, तेव्हा मन भरून आले. नकाशावर दशांशचिन्ह मुद्दाम गाळलेले असते, कारण तो ठिपका तारा समजला जाऊ शकतो. नोंदीत जागतिक वेळ लिहिताना भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करावेत. खगोलनिरीक्षकांच्या सलग दिवसगणनेतला ज्युलियन दिवस आपल्या घड्याळात सायंकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे आपली संपूर्ण रात्र एकाच ज्युलियन दिवसात मावते. दव फार पडते. द्विनेत्रीच्या भिंगांसाठी कोरडे सुती कापड जवळ ठेवावे.

अर्ज पावसाळ्यातच, ऑगस्टमध्ये द्यावा. अधिवेशनाच्या आत फाईल वर जाते. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख स्वतःच्या प्रतीवर उमटवून घ्यावी, आणि परवानगीपत्रावर जावक क्रमांक पडल्याखेरीज ते हातात घेऊन निघू नये, कारण बांधावरचा चौकीदार आधी तोच पाहतो.