एक स्वॅब कमी

परवाच्या रात्रपाळीत एक स्वॅब, म्हणजे रक्त टिपायचा गॉजचा तुकडा, कमी भरला. बाळ झालेलं, वार पूर्ण पडलेली, टाके घालून झालेले, आई-बाप फोटो काढण्यात दंग. आणि फळ्यावर दहा लिहिलेले असताना ट्रेमध्ये नऊच! मग कचऱ्याची पिशवी ओतली, चादरी झटकल्या, बिचारीला आतून पुन्हा तपासलं. स्वॅब निघाला पलंगाच्या चाकामागे. माझी सुटायची वेळ कधीच टळून गेलेली, आणि सीनियर मिडवाइफ शांतपणे म्हणते, "आता दोघी मिळून पुन्हा मोजूया." असा राग आला तिचा!

इथे इंग्लंडात स्वॅब पाच-पाचांच्या गठ्ठ्यात येतात, लाल दोऱ्याने बांधलेले. तो दोराही टाकायचा नाही, त्याचाही हिशेब. सुरुवातीला दोघींनी मोठ्याने मोजायचं, फळ्यावर मांडायचं, शेवटी पुन्हा दोघींनीच. प्रत्येक स्वॅबमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो. रक्तस्राव थांबवायला मुद्दाम पॅक, म्हणजे गॉजचा बोळा, आत ठेवला, तर आमच्याकडे बाईच्या मनगटावर पट्टा बांधतात, म्हणजे ड्यूटी बदलली तरी कोणी विसरायला नको. काही आत राहिलंच, तर ती 'नेव्हर इव्हेंट', कधीच घडू नये अशी चूक, आणि मग रीतसर चौकशी.

हे सगळं ऑपरेशन थिएटरात पूर्वीपासून होतंच. मोजणी जुळल्याशिवाय स्क्रब नर्स, म्हणजे सर्जनच्या हाती हत्यारं देणारी, पोट शिवू देत नाही, ते आपल्याकडेही तसंच. गफलत व्हायची ती नॉर्मल डिलिव्हरीत. तिला ऑपरेशन कोण म्हणतं? टाके घालणारी एकटी, रक्त चालू, भिजलेला गॉज आणि आतलं मांस एकाच रंगाचं. राहिला आत, की काही दिवसांनी घाण वास, ताप, दुखणं. बाळंतिणीला वाटतं, असंच असतं. म्हणून 2010 मध्ये इथे खास नॉर्मल डिलिव्हरी आणि टाक्यांसाठी इशारा काढावा लागला. म्हणजे हे लोकही काही जन्मापासून शहाणे नव्हते.

चवथीला गोव्यात डिचोलीला आले होते तेव्हा काकीला हे रंगवून सांगितलं. काकीचा जन्म सरकारी इस्पितळाच्या लेबर रूममध्ये गेला. ती पेज ढवळता ढवळता थांबली. "आम्ही काय मोजत नव्हतो गो?" मग तिने सांगितलं. दुपारी बसून गॉजचा थान कापायचा, घड्या घालायच्या, ड्रम गच्च भरून वाफेने निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला पाठवायचा. ड्रममध्ये तुकडे किती, ते देवाला ठाऊक. टाक्यांना किती घेतले ते बोटांवर मोजायचे, आणि झालं की आत बोट फिरवून बघितल्याशिवाय हातमोजे काढायचे नाहीत. तेवढ्यात बाजूच्या टेबलावर दुसरी कळा देतेय. हिला बेपर्वा म्हणायची माझी छाती नाही. मोजायला आधी मोजलेला गठ्ठा हातात यावा लागतो, आणि दुसरी बाई मोकळी असावी लागते. गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं इस्पितळात होतात, बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात तर सिंधुदुर्गातूनही बायका येतात, हे इथे इंग्लंडात सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही.

त्यांना भलतंच आठवतं. केरळात 2017 च्या सिझेरियनमध्ये पोटात राहिलेला चिमटा 2022 मध्ये काढला, ती बातमी दाखवून एकीने मला विचारलं, "तुमच्याकडे असं होतं?" मी तिला ऑकलंडची गोष्ट ऐकवली. 2020 चं सिझेरियन, जेवणाच्या ताटाएवढा रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी धरायचं साधन, बाईच्या पोटात दीड वर्ष. एक्स-रेत दिसेना, शेवटी सीटी स्कॅनमध्ये सापडला. मोजायच्या यादीत तो नव्हताच! ती गप्प झाली. मला बरं वाटलं, कशाला लपवू? चिमटा मात्र त्याने केरळातल्या बाईच्या पोटातून कमी झाला नाही, हेही कळतं.

माझी चुलतबहीण आता दिवसांत आहे, म्हापशाच्या एका खासगी डॉक्टरांकडे नाव घातलंय. तिला म्हटलं, गॉज मोजता का, एवढं विचार. डॉक्टर हसले म्हणे, "सिझेरियन झालं तर मोजतोच." मी म्हटलं, आणि नॉर्मल झालं तर? नेमकं तेच विचारायचं होतं. ती वैतागली, "तूच ये आणि मोज." रजा आहे माझी शिल्लक, नाही असं नाही. पण डिसेंबरातली मोपा विमानतळाची तिकिटं तुम्ही पाहिलीत का?