मांडी मावेल अशी खुर्ची

आमच्या जेवणाच्या टेबलाभोवतीच्या सहा खुर्च्यांपैकी एकीचा पाय गेल्या पावसाळ्यात निखळला, तेव्हा सुताराने ती उलटी करून पाहिली आणि "हा नुसता दाबलेला भुसा आहे ताई, यात स्क्रू धरणार कुठे?" असे म्हणून हत्यारे पिशवीत टाकली. तिच्या मागोमाग आणखी दोन खुर्च्यांनी मान टाकली. तेव्हा आता घ्यायच्या त्या जुन्या, खऱ्या लाकडाच्या आणि दुरुस्त होऊ शकणाऱ्याच खुर्च्या घ्यायच्या, असे मी ठरवून टाकले. ठरवणे सोपे होते. कारण जुनी खुर्ची निवडता येणे ही एक विद्या आहे, याची मला तेव्हा कल्पनाच नव्हती.

खरे तर वाडवडिलांच्या खुर्च्या वारसाहक्काने मिळाव्यात, असे भाग्य मराठी मध्यमवर्गाच्या वाट्याला फारसे येत नाही. आपले जेवण पाटावर, पूजा चौरंगापुढे, गप्पा ओसरीवरच्या सतरंजीवर किंवा झोपाळ्यावर. खुर्ची हा शब्दच अरबी-फारसी 'कुर्सी'वरून आलेला, आणि ती वस्तू घरात शिरली तीही बहुधा कचेरीच्या वाटेने. माझ्या आजोळी एकच खुर्ची होती. लांब हातांची, वेताने विणलेली ती आरामखुर्ची आजोबांची, म्हणून इतरांनी तिच्यावर बसायचे नाही, असा अलिखित कायदा होता. पुढे ती मामेभावाकडे गेली आणि त्याने ती न्यू जर्सीला नेण्याचा घाट घातला, तेव्हा लिखित कायदाही आडवा आला. 1972 च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांनी खुर्ची नोकरी लागल्यावर घेतली होती, म्हणजे तिची शंभरी अजून भरायची होती. पण पावती कोणी जपून ठेवली होती? शेवटी ती मामाच्या बाल्कनीतच राहिली आणि तिच्यावर आता कुंड्या आहेत.

ही शंभर वर्षांची मर्यादा बाजारातही मानतात, निदान मानायला हवी. अँटिक म्हणजे शंभरीपार, आणि विंटेज म्हणजे त्याहून तरुण पण ज्या काळाची आहे तो काळ अंगावर दाखवणारी वस्तू. प्रत्यक्षात मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर, जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचरच्या रांगेत किंवा पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात धूळ बसलेले सगळेच अँटिक असते. विक्रेता वय सांगतो ते गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघून.

माझा पहिला सौदा असाच चेहऱ्याने फसला. एका दुकानात मला 'बर्मा टीक'ची, म्हणजे ब्रह्मदेशी सागाची म्हणून एक हातांची खुर्ची दाखवण्यात आली. रंग गडद, कडा झिजलेल्या, पाठीवर थोडी नक्षी. मी तिच्यावर प्रेमात पडल्यासारखी बसले, तिला उलटी मात्र केली नाही. घरी आणून ओल्या फडक्याने पुसली तर फडके चहात बुडवल्यासारखे तपकिरी झाले आणि खालून पांढरट, हलके लाकूड डोकावू लागले. बैठकीखाली अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू होते. त्या खाचेचे पेटंट अमेरिकेत 1936 साली मिळालेले आहे, तेव्हा खुर्ची 'ब्रिटिश टाइमच्या साहेबाची' असेल, तर साहेब बराच उशिरा आला असावा. अर्थात जुन्या खुर्चीला दुरुस्तीत नवा स्क्रू लागू शकतो, एवढ्यावरून निकाल देऊ नये. पण इथे सगळेच स्क्रू एकाच वयाचे आणि चकचकीत होते.

त्यानंतर मी खुर्ची आधी उलटी करायला शिकले. वरची बाजू पॉलिशवाल्याची असते, खालची सुताराची. हातकरवतीच्या खुणा सरळ आणि थोड्या वाकड्यातिकड्या असतात, तर गोल पात्याच्या यंत्राच्या खुणा कमानीसारख्या वळतात. चांगल्या खुर्चीत एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवून वर लाकडी खुंटी मारलेली असते आणि जोड सरसाने चिकटवलेला असतो. सरस हा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला डिंक. गरम पाण्याने तो सैल होतो, म्हणून शंभर वर्षांनीही सांधा मोडतोड न करता उघडता येतो आणि पुन्हा बसवता येतो. आजच्या पक्क्या गोंदाने चिकटवलेला सांधा सुटत नाही, तुटतो.

सर्वांत गमतीची खूण मला एका म्हाताऱ्या कारागिराने दाखवली. लाकूड सुकते तेव्हा ते आडवे आकसते, लांबीला जवळजवळ आकसतच नाही. त्यामुळे लेथवर गोल कातलेला पाय बऱ्याच वर्षांनी पुरता गोल राहत नाही, किंचित लंबगोल होतो. डोळ्यांना ते दिसत नाही. पायाभोवती दोन बोटांची पकड करून ती फिरवली की एका बाजूला बोटे किंचित सैल पडतात. खोटी झीज करणारा माणूस कडा घासेल, साखळीने ठोकेल, चहाचे पाणी फासेल, पण लाकडाला असे आकसायला लावणे त्याच्या हातात नसते. खरी झीजही जागच्या जागीच असते: पुढच्या पट्टीवर, जिथे टाचा टेकतात, हाताच्या टोकाला, जिथे तळवा घोळत राहतो. पाठीच्या मागच्या बाजूला कोण कशाला घासेल?

उलटी केल्यावर आणखी एक पाहायचे ते भुंगा. बारीक भोके असण्याला भ्यायचे नाही, ती जुनी असू शकतात. खुर्चीखाली रात्रभर काळा कागद पसरून ठेवावा. सकाळी त्यावर पिठासारखा ताजा भुसा दिसला, तर घरमालक अजून आत राहतात असे समजावे.

दुसरी खुर्ची मी डोळसपणे घेतली: वाकवलेल्या लाकडाची, आपण सगळे जिला इराण्याची खुर्ची म्हणतो ती. मुंबईच्या इराणी हॉटेलांनी नावारूपाला आणलेली ही खुर्ची मुळात मध्य युरोपातली. मिखाएल थोनेट यांनी बीच नावाच्या युरोपी झाडाच्या लाकडाच्या काठ्या वाफेवर मऊ करून, बाहेरच्या बाजूने धातूची पट्टी बांधून वाकवण्याची युक्ती काढली. पट्टीमुळे बाहेरचे तंतू ताणून फाटत नाहीत. त्यांची 14 क्रमांकाची खुर्ची 1859 सालची. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा संसार. सुटे भाग भरले तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत, म्हणून ती बोटीने जगभर गेली. 1869 मध्ये थोनेट यांचे पेटंट संपले आणि इतरही कारखाने तशाच खुर्च्या करू लागले. त्यामुळे बैठकीच्या कड्याखाली शिक्का किंवा जीर्ण लेबल सापडले तरच थोनेटचे नाव घ्यावे. माझ्या खुर्चीखाली लेबलाचा चिकट चौकोन तेवढा उरला आहे. बीचला सागासारखे अंगचे तेल नसते, वाळवीला तो आवडतो, म्हणून ती भिंतीपासून दूर ठेवावी लागते.

मी ती मोठ्या अभिमानाने सासूबाईंपुढे ठेवली. "कोणाच्या घरातली, कोण गेलंबिलं असेल हिच्यावर बसल्या बसल्या," हे त्या म्हणणार याची मला खात्रीच होती आणि त्या ते म्हणाल्याच. मग त्या बसल्या, एक पाय वर घेतला, दुसरा घेऊ पाहिला आणि उतरल्या. "हिच्यावर नुसतं टेकता येतं. मांडी कुठे मावते?" मी टेप आणून बैठक मोजली: जेमतेम सोळा इंच. लोक हिच्यावर एका चहावर दोन-दोन तास बसत, हे मी त्यांना सांगितले. "त्यांना घरी कोणी विचारत नसेल," असे उत्तर मिळाले.

इतके दिवस मी सांधे, स्क्रू आणि शिक्के तपासत होते आणि माझ्या घरातली माणसे कशी बसतात, हे पाहिलेच नव्हते. तिसऱ्या खेपेला मी टेप पर्समध्ये टाकूनच निघाले. एका मोडीत निघालेल्या कचेरीच्या सामानात सागवानी, बिनहातांची, साडेवीस इंच रुंद बैठकीची खुर्ची सापडली. मागच्या एका पायाला कोणीतरी फार पूर्वी शिसवीचा तुकडा सांधला होता, इतका नीट, की तो काळा ठिपका मला दागिन्यासारखा वाटला. वेत मात्र पार फाटलेला होता, आणि त्यामुळेच ती परवडली.

वेत विणायला आलेले गृहस्थ दृष्टिहीन होते, अंधशाळेत शिकलेले. पूर्वी सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणण्याचे काम अशा कारागिरांकडे असे. त्यांनी बैठकीच्या चौकटीवरून बोट फिरवून भोके मोजली आणि पुढच्या बाजूला दोन भोके जास्त आहेत हे मला सांगितले. वेत बादलीत भिजत घातला. आधी उभे धागे, त्यावर आडवे, मग पुन्हा उभे, पुन्हा आडवे आणि शेवटी दोन्ही अंगांनी तिरपे, असे सहा थर. तिरपा धागा कुठून वर काढायचा आणि कुठे खाली घालायचा, याला त्यांची बोटे कुठेही अडखळली नाहीत. दोन दिवसांनी काम संपले तेव्हा बैठक थोडी सैल वाटत होती. "वाळू द्या बाई, मग वाजवून बघा," असे म्हणून ते गेले. सकाळी टिचकी मारली तर हलगीसारखी वाजली. पुढे कधी वेत झोळ देऊ लागला तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवून वाळवायचा, तो आपोआप ताठ होतो, हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे.

त्या खुर्चीला जोडीदारीण मिळालेली नाही. टेबलाभोवती सध्या तीन भुशाच्या, एक इराण्याची आणि एक कचेरीतली, अशी बारा गावची मंडळी आहेत. सासूबाई दुपारी कचेरीच्या खुर्चीवर पुरती मांडी घालून मेथी निवडतात, आणि मी जवळ गेले की सांगतात, "विणलंय छान, पण जरा टोचतं. उशी आण."