माहेरच्या घराची किंमत पौंडांत

इंग्लंडमध्ये काउन्सिलकडून (म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाकडून) आईसाठी केअरर, म्हणजे घरी येऊन मदत करणारी व्यक्ती, मिळवताना आमचे घोडे अडले ते आर्थिक मूल्यमापनाच्या फॉर्ममधील एका रकान्यापाशी. देशाबाहेरील मालमत्ता आणि तिची सध्याची किंमत, एवढेच तेथे विचारले होते. सांगली जिल्ह्यातील माहेरच्या घरात आणि जमिनीत आईचे नाव वारस म्हणून लागलेले आहे. भावांकडे तिने हिस्सा कधी मागितला नाही, पण कागदावरून नावही कमी केलेले नाही.

त्याआधीचे सारे सुरळीत पार पडले. पक्षाघातानंतर घरी सोडल्यावर काही आठवडे विनामूल्य सेवा मिळाली (ती साधारणपणे सहा आठवड्यांपर्यंत मिळते) आणि मग सोशल वर्कर गरजांचे मूल्यमापन करायला घरी आल्या. 2014 च्या केअर ॲक्टनुसार अंघोळ, कपडे घालणे, खाणेपिणे, घरात सुरक्षित वावरणे अशा ठरवून दिलेल्या गोष्टींपैकी किमान दोन आजारामुळे जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर ठळक परिणाम होत असेल, तर व्यक्ती पात्र ठरते. आपल्याकडची वडीलधारी माणसे पाहुण्यांसमोर “माझं मी सगळं करते” असेच सांगतात. आईनेही तेच सांगितले. तेव्हा मी तिला ब्लाउजचे हुक लावून दाखवायला सांगितले. दुसऱ्या हुकाशीच हात थांबला, आणि सोशल वर्करनी काही न बोलता ते लिहून घेतले.

रुग्णालयातील उपचार मोफत असतात, म्हणून ही सेवाही मोफत असेल असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. बचत 23,250 पौंडांहून जास्त असेल तर पूर्ण खर्च आपला. 14,250 च्या आतली बचत धरत नाहीत. मधल्या रकमेवर दर 250 पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न आहे असे मानतात. 2010 पासून या मर्यादा जागच्या हललेल्या नाहीत. सेवा घरी घेत असाल तर राहते घर हिशेबात येत नाही, इतर मालमत्ता मात्र बचतीसारखीच धरतात. आईची बचत 17,000 पौंड होती, म्हणजे आठवड्याला 11 पौंड उत्पन्न धरले जाणार, इथवर माझे गणित स्पष्ट होते.

मग तो रकाना आला. आर्थिक विभागातील अधिकारी बोलायला अत्यंत सौजन्यशील होते. मात्र त्यांना इस्टेट एजंटचे मूल्यांकन हवे होते. ज्या गावठाणातील घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा असतो, आणि ज्या शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर हयात आणि दिवंगत अशा सगळ्या चुलत-आत्ये वारसांची रांग लागलेली असते, तेथे कोणता एजंट जाणार? मी उतारे मागवून, त्यांचे प्रमाणित भाषांतर करून पाठवले, तर संपूर्ण मिळकतीची किंमत भागिले वारसांची संख्या, असा हिशेब करता येईल का, अशी विचारणा आली. निर्णय होईपर्यंत आईला पूर्ण खर्च देणारी व्यक्ती मानले गेले आणि बिले नेमाने येत राहिली. इकडे माझ्या मामांना वाटू लागले की बहीण उतारवयात वाटणी मागते आहे. त्यांची समजूत काढण्यासाठी फोनवर जेवढे बोलावे लागले तेवढे काउन्सिलशीही बोललो नसेन.

एका परिचितांनी सुचवले की आईकडून हक्कसोडपत्र करून घ्या, विषय संपेल. हे मुळीच करू नये. खर्च टाळण्यासाठी मालमत्ता सोडली असे काउन्सिलला वाटले, तर ती अजून आपल्याकडेच आहे असे धरून आकारणी करता येते.

तोडगा केअर ॲक्टच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांच्या परिशिष्टातच होता, आणि तो मलाच शोधावा लागला याचा राग अजून गेलेला नाही. सामायिक स्थावर मालमत्तेत सरळ भागाकार करायचा नसतो. तो अविभक्त हिस्सा तेवढाच विकायला काढला तर खुशीने घेणारा गिऱ्हाईक काय देईल, ती किंमत धरायची असते. सांगलीच्या नोंदणीकृत मूल्यांककाने दोन पानी पत्र दिले: 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा विकत घेणाऱ्या परक्या माणसाला इतरांबरोबर ताबा मिळत नाही, त्याला वाटपाचा दावाच लावावा लागतो, शेतजमीन तर महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. अशा हिश्शाला बाजारात जवळजवळ किंमत नाही. हे पत्र आणि परिशिष्टातील तो परिच्छेद जोडून मी लेखी फेरविचार मागितला. हिस्सा नाममात्र धरला गेला आणि आकारणी पहिल्या दिवसापासून सुधारून मिळाली. फोनवर हे कधीच झाले नसते. जे काही मागाल ते लेखी मागा. काउन्सिलची तक्रार प्रक्रिया संपल्यावर लोकपालाकडेही जाता येते, पण तेथवर जावे लागले नाही.

आधी सांगायचे राहिले ते असे. अटेंडन्स अलाउन्स हा आजारपणामुळे मदत लागणाऱ्या ज्येष्ठांचा भत्ता काउन्सिल नव्हे, केंद्र सरकार देते आणि त्याला बचतीची अट नाही, म्हणून त्याचा अर्ज लगेच करावा. मात्र काउन्सिल तो उत्पन्नात धरते, तेव्हा आजारपणामुळे वाढलेले हीटिंग, जादा धुणे यांची बिले जपून ठेवावीत. तो खर्च वजा करून मागता येतो. सांभाळ करणाऱ्या नातेवाइकाला स्वतःचे वेगळे मूल्यमापन मागण्याचा हक्क आहे, हे मला फार उशिरा कोणी सांगितले. सेवेऐवजी थेट रक्कम घेऊन आपणच माणूस नेमता येतो. त्यातून आम्हाला मराठी बोलणाऱ्या बाई मिळाल्या. एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला मात्र ती रक्कम सहसा देता येत नाही.

आर्थिक मूल्यमापन दर वर्षी पुन्हा होते. यंदाच्या फॉर्मवर नवे अधिकारी होते आणि त्यांनी त्याच रकान्याखाली प्रश्नचिन्ह काढून पाठवले. मी मूल्यांककाच्या पत्राची आणि काउन्सिलच्याच जुन्या निर्णयाची प्रत त्याच संध्याकाळी रवाना केली.