पहिला डोस इथेच द्या

भाताची आवणी सुरू झाली की आमच्या जव्हार-मोखाड्याकडे सर्पदंशाच्या केसेस वाढतात. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे. माझं म्हणणं एवढंच: विषबाधेची लक्षणं दिसली की सापाच्या विषावरच्या लसीचा पहिला डोस इथेच द्या, मग पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवा.

लोक आधी भगताकडे जातात म्हणून दगावतात, हे सगळेच बोलतात. पण जो भगताला टाळून थेट दवाखान्यात आला आणि ज्याच्या हातात 'पुढे जा' म्हणून नुसती चिठ्ठी पडली, तो पुढच्या वेळी कुठे जाईल?

गेल्या पावसाळ्यात एका बाईला घोणस चावली. जवळच्या दवाखान्यात लस होती, तरी न देताच नाशिकला पाठवलं. आमचं केंद्र वाटेवर लागतं म्हणून गाडी थांबली. हिरड्यांतून रक्त येत होतं. काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं तशीच उभी ठेवली. नळी साबणाने धुतलेली असली तर ही चाचणी फसवते. नळी आडवी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे विषामुळे ते गोठतच नव्हतं.

लसीच्या दहा व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, काढल्या. पावडर विरघळवताना बाटली जोरात हलवली की फेस होतो, त्यामुळे हळूहळू फिरवावी लागते. बाहेर नवरा अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालत होता. लस सलाईनमधून गेली, मगच १०८ निघाली. ती वाचली.

डॉक्टर कचरतात ते रिॲक्शनला, आणि ती भीती खोटी नाही. अंगावर गांधी उठतात, बीपी पडतो. पण ॲड्रेनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून जवळ ठेवलं, तर ते सांभाळता येतं. नारायणगावात डॉ. सदानंद आणि डॉ. पल्लवी राऊत वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण वाचवत आहेत, तेही काही महानगर नाही.

मण्यारीचा दंश याहून अवघड. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, खूण धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात आणि घरच्यांना ते पित्त वाटतं. श्वास अडला तर नुसत्या लसीवर भागत नाही, अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत न्यावं लागतं.

देशात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं जातात, असा अंदाज आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचं २०२४च्या राष्ट्रीय आराखड्यात ठरलंय. त्यासाठी आमच्याकडे बदलून येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला पाऊस लागायच्या आत हे सगळं हाताने करायला लावा, रात्रपाळीच्या सिस्टरलासुद्धा.