मोबाईल असताना बॅटरी कशाला, आणि घ्यायची तर कोणती?

आमच्याकडे राहायला आलेल्या पाहुण्यांना खोलीची किल्ली देताना मी सोबत एक छोटी बॅटरीही देते. मुंबई-पुण्याची मंडळी ती हातात घेऊन हसतात. "काकू, मोबाईलला टॉर्च आहे की!" आणि निघायच्या दिवशी त्यांच्यातलंच कुणीतरी विचारतं, "ही कुठली हो? आम्हाला एकच घ्यायची तर कोणती घेऊ?" हे दोन्ही प्रश्न इतक्यांदा आले आहेत की उत्तर एकदाच लिहून ठेवावं म्हटलं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. लांबलं तर दोष तुमचा. त्यात मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेली बाई, म्हणजे आकडेमोड होणारच.

आधी मोबाईलचं. त्याचा दिवा साधारण पन्नास ल्युमेनच्या आसपासचा (ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप), आणि त्याला झोत लांब फेकणारं भिंगही नसतं की परावर्तकही. उजेड समोर सगळीकडे सांडतो. चप्पल शोधायला, कुलूप उघडायला ठीक. पण वाडीच्या टोकाला काय खसपसलं ते त्याने दिसत नाही. जुलैच्या पावसात एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने ओला फोन सांभाळून बघा, मग बोलू. आणि आमच्या कोकणातल्या माणसाला तर याचं उत्तर ३ जून २०२० लाच मिळालं. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडातली नारळी-पोफळीची आगरं झोपली, विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांत आठवडे उलटले तरी वीज नव्हती. अशा वेळी फोनमधला उरलेला चार्ज मुंबईच्या लेकीला 'आम्ही बरे आहोत' सांगायला ठेवायचा की रात्री गोठ्यात जायला जाळायचा? दोन कामांना दोन वस्तू हव्यात, एवढंच.

आता कोणती घ्यायची ते. सगळे पहिल्यांदा विचारतात, "किती ल्युमेनची?" माझं म्हणणं उलट आहे. बॅटरी जास्तीत जास्त किती झगझगते ते सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा ती कमीत कमी किती मंद होते, आणि पेटवून अर्धा तास झाल्यावर तिच्यात काय उरतं.

खोक्यावरचे आकडे कसे येतात ते कळलं की हे पटेल. बॅटऱ्या मोजायचं एक प्रमाण आहे, एफएल-१ नावाचं. २००९ साली अमेरिकेत ते ठरलं आणि आता नावाजलेल्या बहुतेक कंपन्या ते पाळतात. त्यात उजेड मोजतात तो बटण दाबल्यापासून तीस सेकंद ते दोन मिनिटं या वेळात. आणि 'किती तास चालते' हे मोजतात तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे '१००० ल्युमेन, ३ तास' याचा अर्थ तीन तास हजार ल्युमेन असा मुळीच नाही. दोन-तीन मिनिटं हजार मिळतात. मग अंग तापतं, तसं आतलं सर्किट उजेड तीन-चारशेवर आणतं, आणि तिसऱ्या तासाच्या शेवटी शंभर उरले तरी खोक्यावरचं वाक्य खरंच ठरतं. लबाडी नाही यात. नियमच तसा आहे, फक्त गिऱ्हाइकाला तो कुणी सांगत नाही.

हिशेब तुम्हीही करू शकता. चांगला एलईडी एका वॅटमागे ढोबळमानाने शंभर ल्युमेन देतो. १८६५० म्हणतात तो लिथियम सेल, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, ३००० एमएएचचा (सेलमध्ये किती वीज मावते त्याचा हा आकडा) धरला तर त्यात ३.६ व्होल्टने जेमतेम ११ वॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे हजार ल्युमेन तासभर, किंवा शंभर ल्युमेन दहा-अकरा तास. याच्या कितीतरी पलीकडे जो सांगेल तो भौतिकशास्त्र तरी बदलतोय किंवा तुम्हाला फसवतोय. बाजारात '१,००,००० ल्युमेन' लिहिलेल्या, खिशात मावणाऱ्या बॅटऱ्या येतात. त्या खऱ्या असत्या तर हजार वॅट लागले असते, कपड्यांच्या इस्त्रीएवढे! हातात धरता आली असती का?

झोत किती लांब जातो त्या आकड्याचंही असंच. 'झोत २०० मीटर' याचा अर्थ तिथे पाव लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पोचतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. चांदण्यात दोनशे मीटरवरचं रानडुक्कर ओळखता येतं का तुम्हाला? मला नाही येत. या आकड्याचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा धरावा. आणि डोळ्यांची गंमत अशी, की उजेड दुप्पट वाटायला ल्युमेन साधारण चौपट लागतात. त्यामुळे ८०० आणि १००० यातला फरक डोळ्यांना जवळजवळ कळत नाही. खिशाला मात्र कळतो.

मंद उजेडाचं महत्त्व शहरातून आलेल्याला पहिल्या रात्रीच समजतं. वीज गेलेली असते, पोर शेजारी झोपलेलं असतं आणि न्हाणीघरात जायचं असतं. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. पाचशे ल्युमेनचा एक फटका भिंतीवरून परत आला की ती सगळी कमाई गेली, आणि पोरही उठून बसलं. अशा वेळी एक ल्युमेन किंवा त्याहूनही कमी उजेड पुरतो. बऱ्याच चांगल्या छोट्या बॅटऱ्यांत ही तळची पायरी असते, आणि तिच्यावर बॅटरी कित्येक दिवस चालते. माझ्या हातात नवी बॅटरी आली की मी आधी तीच बघते. (कासवांच्या हंगामात अंजर्ल्याच्या किंवा वेळासच्या किनाऱ्यावर रात्री असाल तर मात्र पांढरा उजेड मुळीच नको, मंदही नको. अंडी घालायला आलेली मादी परत फिरते आणि पिल्लं वाट चुकतात. तिथे कासवमित्र सांगतील तसं वागायचं.)

आता रंग. यावर मी जरा जास्त बोलते, कारण खोक्यावर तो कुणी वाचत नाही आणि आमच्याकडे त्यावाचून चालत नाही. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. निळा एलईडी शोधल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं ते उगाच नाही. त्या निळ्या ठिपक्यावर पिवळट फॉस्फरचा लेप देतात आणि दोन्ही मिळून पांढरा दिसतो. लेप कंजूस असला की उजेड निळसर राहतो. ल्युमेन जास्त भरतात, पण लाल आणि तपकिरी रंग त्यात मरतात. कंपन्यांना तेच परवडतं, कारण खोक्यावर मोठा आकडा छापता येतो. आमच्या सड्यावर आणि जांभ्याच्या गडग्यांतून फुरसं असतं, विषारी साप. हातभर लांबीचं, मातकट तपकिरी, पाचोळ्यात वेटोळं घालून बसलं की दिवसासुद्धा पटकन दिसत नाही. निळसर उजेडात पाचोळा, जांभा आणि फुरसं, तिन्ही एकाच राखाडी रंगाचे होतात. सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसं दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे. रात्री पायाखाली उजेड असणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. तर तो उजेड रंग दाखवणारा तरी असू दे.

यासाठी खोक्यावर सीआरआय शोधा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. ९० किंवा वर असेल तर उत्तम, साध्या बॅटऱ्यांत तो ७० च्या आसपास असतो. रंगाचं तापमान ४००० ते ५००० केल्विनच्या मध्ये असावं, ६५०० नको (आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). निचिया या जपानी कंपनीचा ५१९ए हा एलईडी या बाबतीत मला सगळ्यांत आवडतो. हातात बॅटरी असेल तर आकड्यांचीही गरज नाही. स्वतःच्या तळहातावर उजेड पाडा. तळहात मेलेल्या माणसासारखा दिसला तर ती परत ठेवा.

सेल कुठला हा प्रश्न पाहुणे विचारतच नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. आत कायमचा बसवलेला सेल असलेली यूएसबीवर चार्ज होणारी बॅटरी सोयीची वाटते, पण सेल म्हातारा झाला की आख्खी वस्तू कचऱ्यात. आणि वीज आठवडाभर गेली तर तो म्हातारा व्हायचीही वाट बघावी लागत नाही, चार्जच करता येत नाही. गावातल्या किराणा दुकानात मिळतो तो पेन्सिल सेल, म्हणजे एए. म्हणून माझी पसंती अशा बॅटरीला, जिच्यात एएही चालतो आणि त्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेलही. एरवी लिथियम घालून जास्त उजेड घ्यायचा, अडीअडचणीला पेन्सिल सेल. एक मात्र बघा, १४५०० चा व्होल्टेज ३.७, म्हणजे साध्या सेलच्या दुपटीहून जास्त. खोक्यावर दोन्ही चालतात असं लिहिलेलं नसेल तर प्रयोग करू नका, आणि तो घड्याळात किंवा रिमोटमध्ये तर कधीच नको. रोजच्यासाठी निकेलचे चार्ज होणारे एए सेल घ्या. दुकानातले साधे सेल महिनोन्‌महिने आत विसरले की पाझरतात आणि स्प्रिंग खातात. आमच्या दमट हवेत तर हमखास. १८६५० घेताना त्यावर ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं की दुकानातून बाहेर पडा. चांगल्यातला चांगला सेल ३५०० ते ४००० च्या आसपास थांबतो.

रस्त्यावर मिळते ती पुढचं तोंड सरकवून झोत लहान-मोठा करायची झूम बॅटरी मला आवडत नाही. झोत आवळला की बराच उजेड आतच अडतो, सरकत्या जागेतून पाणी शिरतं, आणि बंद करायला गेलं की आधी लुकलुक करून डोळे फाडते. लुकलुक, एसओएस वगैरे प्रकार असले तर ते कुठेतरी लपलेले असावेत. रोजच्या वाटेत नकोत.

बाकीचं पटकन. पाण्यासाठी आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. पावसाळ्यात वापरायची तर आयपीएक्स७ वालीच घ्या. क्लिप हवी, ती खिशाला तर लागतेच आणि टेबलावरून घरंगळूही देत नाही. बुडाला लोहचुंबक असलं तर मेन स्विचच्या पत्र्याच्या पेटीला चिकटवून दोन्ही हात मोकळे राहतात, फ्यूज बदलताना मला याचा फार उपयोग झाला आहे. बाजूला बटण असेल तर पिशवीत घालताना मागची टोपी पाव फेरा सैल करा. नाहीतर ती आतल्या आत पेटते, तापते आणि नेमकी हवी तेव्हा रिकामी.

दोन बॅटऱ्या समोर असतील तर घरच्या घरी तुलना अशी करा. अंधारी खोली, पांढरं छत. बॅटरी टेबलावर उभी करून झोत छताकडे, आणि बाजूला मोबाईलवर लक्स मोजायचं फुकट ॲप. पहिल्या मिनिटाला, दहाव्याला आणि तिसाव्याला आकडा लिहून ठेवा. मोबाईलचा आकडा प्रयोगशाळेचा नव्हे, पण फोन आणि बॅटरी जागची हलवली नाही तर एकमेकींशी तुलना करायला तो पुरतो. हजारवाली बॅटरी तिसाव्या मिनिटाला तीनशेवालीच्या खाली गेलेली तुम्हाला दिसेल. मला दिसली आहे.

आता नावं. पाहुण्यांच्या खोलीत मी ओलाइटची आय३टी ठेवते. बारीक पेन्सिल सेलवर (एएए) चालते, ५ आणि १८० ल्युमेन अशा दोनच पायऱ्या, त्यामुळे कुणाला काही शिकवावं लागत नाही. स्वतःच्या खिशात स्किलहंटची एम१५०, एए आणि १४५०० दोन्ही घेणारी. सोफर्नची एसपी१० प्रोही तशीच आणि रंगाला चांगली, पण तिच्या एका बटणात इतक्या करामती भरल्या आहेत की आमचे हे तिला हात लावत नाहीत. आगरात रात्री फिरायचं असेल, गाडीत ठेवायची असेल, तर वर्कॉसची एफसी११: १८६५० सेल, यूएसबी-सीने चार्ज होते, बुडाला लोहचुंबक, आणि सेल बदलता येतो.

एकच घ्यायची म्हणाल तर एए आणि १४५०० दोन्ही चालणारी घ्या, रंग ९० सीआरआयचा मागा, आणि निकेलचे चार सेल सोबत. त्यांचा चार्जर वेगळा घ्यावा लागतो, तो बॅटरीच्या खोक्यात नसतो. विमानाने येणार असाल तर सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात चालत नाहीत.