नफा आहे, मग पगाराला पैसे का नाहीत?

हिशेब तपासायला बसले की मी नफा-तोटा पत्रक बाजूला ठेवते आणि आधी येणेकऱ्यांची यादी उघडते. कोणाचं बिल किती दिवस थकलंय, हे तारखेनिशी बघते. माल गेला, बिल फाडलं की पुस्तकात विक्री लागते. पैसे मात्र ग्राहकाच्या सवडीने येतात.

समजा माल ८० ला घेतला आणि त्याच दिवशी १०० ला उधारीवर विकला. नफा २०. पण पुरवठादाराला ३० दिवसांत द्यायचे आणि ग्राहक ९० दिवसांनी देणार. मधले ६० दिवस ते ८० आणायचे कुठून? धंदा दुप्पट झाला तर १६० लागतात. भराभर वाढणाऱ्या चांगल्या कंपन्याच या कोंडीत सापडतात, आणि ते बघताना खरंच जीव तुटतो.

चालू गुणोत्तर, म्हणजे वर्षभरात रोकड होऊ शकणारी मालमत्ता भागिले वर्षभरात फेडायची देणी, २ दिसलं तरी मी निश्चिंत होत नाही. गोदामात धूळ खात पडलेला मालही त्यात मोजलेला असतो, आणि त्यातून उद्याचे पगार होत नाहीत.

उलट, बँकेत नुसती पडून असलेली रोकड भांडवलावरचा परतावा खाली ओढते. किती ठेवायची, हे मी पुढच्या १३ आठवड्यांची आवक-जावक मांडूनच ठरवते.