दाखला शेवटी मागितला

पेन्टेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, आमच्या चर्चमध्ये पोरांचं कन्फर्मेशन असतं. त्याचा वर्ग मी घेतो, नोंदवह्याही मीच ठेवतो. आदल्या शनिवारी संध्याकाळी सहाला प्रॅक्टिस होती. साडेसहाला एका मुलीच्या आईनं प्लॅस्टिकच्या कव्हरातून पिवळा पडलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "सापडला एकदाचा," त्या म्हणाल्या. बाकी अकरा जणांचे बाप्तिस्म्याचे दाखले फाइलला लागून महिना झाला होता, हा बारावा. मी चष्मा लावून नंबर उतरवायला घेतला, तर कागदावर बाप्तिस्मा हा शब्दच नव्हता. वर ठळक अक्षरात छापलं होतं, बालसमर्पण.

आमच्या बाहेरच्या माणसाला यात काय बिघडलं ते कळणार नाही, म्हणून सांगतो. काही मंडळ्या तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत नाहीत. लेकरू पुढे आणतात, पाळक त्याला हातात घेऊन प्रार्थना करतात, आशीर्वाद देतात आणि घरी पाठवतात. पाणी नाही, 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' हे शब्द नाहीत. पोरगं मोठं झालं, स्वतः विश्वास धरला, की मग पाणी. मेथडिस्टांचं तसं नाही. आमच्या पंचवीस कलमांपैकी सतरावं बाप्तिस्म्याचं आहे, आणि लहान मुलांचा बाप्तिस्मा मंडळीत चालू ठेवावा असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तेव्हा आईबापांनी दिलेलं वचन चौदा-पंधराव्या वर्षी पोरानं आपल्या तोंडानं पक्कं करायचं, ते दृढीकरण. बोलताना सगळे कन्फर्मेशनच म्हणतात. म्हणजे मुळात बाप्तिस्माच नसेल तर पक्कं काय करणार?

हा दाखला मी पहिल्या दिवशी का मागितला नाही? मागितला होता. फॉर्मवर 'दाखला जोडा' अशी ओळ आहे. "देतो ना अंकल" म्हणून लोक फॉर्म देतात आणि दाखला विसरतात. शाळेचा प्रवेश किंवा लग्न निघालं की त्याच घरातून रात्री दहाला फोन येतो, दाखला उद्या सकाळीच पाहिजे. पण दाखला नाही तर वर्गात बसू देणार नाही, असं म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती, हेही खरं. पोरं आधीच कमी येतात.

वर्ग दहावीचा शेवटचा पेपर संपला की सुरू होतो. पेन्टेकॉस्ट ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी, म्हणजे नागपुरात तो मे नाहीतर जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच येणार. म्हणून वेळ सकाळी पावणेसात ते सव्वाआठ, नंतर तर्री-पोहे, मग नऊची उपासना. रविवारी कोचिंगवाल्यांची टेस्ट सिरीज असतेच, आणि मेच्या पहिल्या रविवारी मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा असली की ज्याची मोठी बहीण परीक्षेला बसलीय ते अख्खं घर सेंटरबाहेर. दहा आठवड्यांत आठ वर्ग पूर्ण झाले तर मी प्रभूचे आभार मानतो.

पाठांतर तीन गोष्टींचं. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली. मतांगीकारात पोट्टे तीन ठिकाणी अडखळतात. 'पंतय पिलात' हे रोमी सुभेदाराचं नाव, त्यांना तो एकच शब्द वाटतो. 'सार्वत्रिक मंडळी' म्हणजे कॅथोलिक चर्च असा समज होतो, तो दरवर्षी नव्यानं काढावा लागतो. आणि 'अधोलोकात उतरला' हे वाक्य. अमेरिकेतल्या मेथडिस्टांच्या जुन्या पाठात ते नाही, बऱ्याच पोरांच्या आज्यांच्या तोंडी मात्र आहे. त्यामुळे एकत्र म्हणताना अर्धे पुढे जातात, अर्धे थांबतात आणि सगळे माझ्याकडे बघतात.

इतिहास मी नागपुरातल्या मेकोसाबाग वस्तीपासून सुरू करतो. निम्मी मुलं तिथली किंवा तिथं नातेवाईक असलेली. या नावात मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च ऑफ सदर्न एशियाची आद्याक्षरं आहेत हे एकालाही ठाऊक नसतं. मग कुणीतरी विचारतंच, आपण सीएनआय का नाही? प्रश्न नागपूरच्याच पोरांनी विचारावा असा आहे, कारण २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते इथंच, आपल्या नागपुरात. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट त्यात गेले. अमेरिकन परंपरेचे आपण बाहेर राहिलो, आणि १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र झालो. पोरांना यातली एकच गोष्ट आवडते, की बिशपांची तारीख मिळायची वाट बघावी लागत नाही, डोक्यावर हात आपले पाळकसाहेबच ठेवतात.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं एक मी त्यांना मुद्दाम सांगतो. १७८४ साली अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी त्यानं जे उपासनेचं पुस्तक करून पाठवलं, त्यात दृढीकरणाचा विधी ठेवलाच नव्हता. ही प्रथा आपल्यात फार उशिरा परत आली. मग वर्ग कशाला? तर 'क्लास' आपल्याकडे त्याहून जुना. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये इमारतीचं कर्ज फेडायला दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरलं. सुमारे बारा माणसांमागे एक लीडर नेमला. त्यानं दर आठवड्याला प्रत्येकाला गाठायचं. पैसे मागायला घरी गेल्यावर कळायला लागलं, की कुणाचं कसं चाललंय. कर्जातून क्लास मीटिंग निघाली.

आमचेही बाराच होते. मी त्या बारा जणांना दहा आठवडे एकत्र भेटलो. एकेकट्याला एकदाही नाही.

तर शनिवार. मुलीनं आईच्या खांद्यावरून कागद वाचला आणि हसली. "म्हणजे मी इतकी वर्षं बाहेरचीच होते का?" आई गप्प. आजी मागच्या बाकावर बसल्या होत्या, त्या उठूनच आल्या. "पाणी लावलं होतं न बाप्पा! मी सोता होतो तिथं." कुठं लावलं होतं, असं पाळकसाहेबांनी शांतपणे विचारलं. आजींनी कपाळावर बोट टेकवलं, मग जरा थांबून म्हणाल्या, "तेल असन." पाळकसाहेबांनी कागदावरचं मंडळीचं नाव बघून चंद्रपूरकडे दोन-तीन फोन केले. आठ वाजता तिथल्या मंडळीच्या एका वडीलधाऱ्यांशी बोलणं झालं. त्यांनी एका वाक्यात मिटवलं, आम्ही लेकरांना पाणी देतच नाही.

तोवर चर्चच्या पंचांपैकी तिघं जमले होते. एकाचं म्हणणं, कागद कोण बघतो, करून टाका. आयुष्यभर सरकारी खात्यात काढलेल्या माणसानं हे म्हणावं! दुसऱ्याचं म्हणणं, पुढच्या वर्षी बसवा. तिच्या नवीन पांढऱ्या ड्रेसकडे बघून हे बोलायला फार कठोर काळीज लागतं. पाळकसाहेबांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि मुलीलाच विचारलं. उद्या आधी बाप्तिस्मा, मग त्याच उपासनेत बाकीच्यांबरोबर कन्फर्मेशन, चालेल का? बाप्तिस्म्याचे प्रश्न तुला एकटीला विचारणार, उत्तरं तूच द्यायची, आई नाही. ती म्हणाली चालेल. मग, "केस पूर्ण ओले होतील का?" आमच्याकडे शिंपडणं, ओतणं, बुडवणं, तिन्ही चालतं. ओंजळीनं तीनदा, असं ठरलं.

इथपर्यंत सगळं नियमात बसत होतं. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतला एक उंच पोरगा म्हणाला, "अंकल, मग माझा पण करा ना. मला माझा आठवतच नाही."

त्याचा बाप्तिस्मा आमच्याच चर्चमध्ये झालेला, तीन महिन्यांचा असताना. झालेला बाप्तिस्मा आम्ही पुन्हा करत नाही. तो देवानं केलेलं काम आहे, माणसाच्या आठवणीवर अवलंबून नाही. हे मी त्याला सांगितलं. वर माझं नेहमीचं वाक्यही टाकलं, जन्म आठवत नाही म्हणून कुणी पुन्हा जन्म घेतो का? दरवर्षी या वाक्यावर पोरं हसतात. हा हसला नाही. "पण तुला जन्म घ्यायचाय का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. इथं तुम्ही विचारता. तिला एकटीला विचारणार, आम्हाला सगळ्यांना एकदम."

मी पाळकसाहेबांकडे बघितलं. काही ठिकाणी अशा वेळी सगळ्यांवर थोडं पाणी शिंपडून 'आपला बाप्तिस्मा आठवा' म्हणतात, ते करता येईल का, असं मी हळूच विचारलं. ते नको म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. बाराही जणांना पाणी लावलं असतं तर अर्ध्या बाकांनी दुसरा बाप्तिस्मा म्हणून ऐकलं असतं आणि दुपारपर्यंत चर्चच्या जिल्हा अधीक्षकांचा फोन वाजला असता. पोरगा 'ठीक आहे' म्हणाला. माझी घाई अशी, की त्याचं 'ठीक आहे' मी खरं धरलं आणि कामाला लागलो.

कामं होतीच. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडात कित्येक महिने प्लॅस्टिकची फुलं ठेवलेली. ती काढली, तळाला क्षाराचा पांढरा थर होता, तो लिंबानं घासला. पाणी सकाळी माठातूनच न्यायचं, कारण नऊ वाजता गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. प्रभुभोजनाचा रसही पहाटेच करायचा. पाव किलो काळे मनुके रात्री भिजवायचे, सकाळी एक लिटर पाण्यात पाऊण लिटर उरेपर्यंत उकळायचे, दोनदा गाळायचे. १० मिलीच्या कपांत सत्तरेक माणसांना पुरतो. आदल्या दिवशी करून बाहेर ठेवला तर आपल्या उन्हाळ्यात रातोरात फसफसतो, आणि मेथडिस्टांच्या टेबलावर जे नको तेच येऊन बसतं. मेणबत्त्या लावताना दोन्ही कूलर बंद. वेदीपुढच्या कठड्यापाशी एका वेळी सहाच जण गुडघे टेकू शकतात, म्हणून सहा-सहाच्या दोन रांगा. दुसऱ्या रांगेनं पहिली उठेपर्यंत बसूनच राहायचं, नाहीतर फोटोवाला त्यांच्यामध्ये घुसतो.

रविवारी मुलीचं आधी झालं. पाळकसाहेबांनी आडनाव न घेता तिचं नुसतं नाव घेतलं, तीनदा पाणी ओतलं. प्रत्येक प्रश्नाला ती शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं 'होय' म्हणाली. कूलर बंद, त्यामुळे पाण्याचा आवाजही ऐकू आला. मग बाराही जण उभे राहिले. तिला जे विचारलं, जवळपास तेच. आणि बारा तोंडांतून एकदम 'होय' आलं. मी त्या पोराच्या तोंडाकडे बघत होतो. समोरच्याचं डोकं मध्ये होतं. ओठ हलले की नाही, मला सांगता येणार नाही. पाळकसाहेबांनी इतरांसारखाच त्याच्या डोक्यावर हात ठेवला, इतरांसारखाच त्यानं कप घेतला.

आता नोंदवहीचं. त्यातलं एक काम मी अभिमानानं सांगतो. बाप्तिस्म्याच्या वहीत अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईवडील, साक्षीदार आणि पाळकांची सही असते. खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नाहीच. चुकलं की एक सरळ रेघ, बाजूला सही आणि तारीख. शाई निळी-काळी, ती मुरते. जेल पेननं लिहिलेली पानं एका पावसाळ्यात कपाट गळलं तेव्हा पार धुऊन निघाली. कन्फर्मेशनच्या वहीत पूर्वी फक्त पाळकांची सही असायची. मी एक रकाना वाढवला, उमेदवाराची स्वतःची सही. लेकरानं स्वतः वचन दिलं, तर कागदावर त्याचा हात दिसायला नको?

उपासना संपल्यावर पोरं एकेक करून ऑफिसात सही करून गेली. मुलीच्या 'बाप्तिस्मा क्रमांक' या रकान्यातला आकडा मी तेव्हाच दुसऱ्या वहीतून उतरवला होता, दोन्हीकडची शाई अजून ओली. तो पोरगा शेवटी आला. म्हणाला, माझी जुनी नोंद दाखवता का? मी जुनी वही काढून दिली. त्यानं उभ्यानंच सगळी ओळ बोट ठेवून वाचली. तारीख, आईचं नाव, बाबांचं नाव, दोन साक्षीदार. त्यातले एक आता नाहीत. पाळकांची सही. "यात माझं काहीच नाही ना?" "नाव आहे की तुझं." "ते तर त्यांनी लिहिलंय." मी नवीन वही पुढे केली, पेन उघडून दिलं. त्यानं पेन हातात धरलं, मग टोपण लावून टेबलावर ठेवलं. "नंतर येतो अंकल." खाली पोहे चालू होते.

त्याला महिना झाला. तरुणांच्या मीटिंगला तो न चुकता येतो, खुर्च्या लावतो, मला 'जय ख्रिस्त' म्हणतो. ऑफिसच्या दारावरून जातो, आत येत नाही. त्याची आई दोनदा विचारून गेली, सर्टिफिकेट तयार आहे का? तयार आहे, ड्रॉवरमध्ये आहे. पाळकसाहेब म्हणतात, विधी पूर्ण झालाय, हात ठेवला गेलाय, सहीचा रकाना तुमचा, चर्चच्या नियमांच्या 'शिस्तीच्या पुस्तका'तला नाही. कॉन्फरन्सला, म्हणजे आमच्या मंडळ्यांच्या वार्षिक सभेला पाठवायच्या तक्त्यात या वर्षी पूर्ण सभासद झालेल्यांचा आकडा मी १२ च भरला.

पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर 'दाखल्याशिवाय प्रवेश नाही' हे मोठ्या अक्षरात छापून घेतलंय. शेवटच्या दोन आठवड्यांत प्रत्येकाला वीस मिनिटं एकट्यानं भेटायचं, हेही पाळकसाहेबांकडून मान्य करून घेतलंय. बारा जणांचे चार तास, कोचिंग सांभाळून कुठं बसवायचे ते अजून ठरायचंय. आणि वहीत त्या पानावर बारा नावं आहेत, अकरा सह्या. पंचांपैकी ते सरकारी खात्यातले परवा वही चाळत होते. म्हणाले, त्याला बोलावून घ्या, एक मिनिटाचं काम आहे. मी अजून बोलावलेलं नाही.